कणीने आज किती खाल्लं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळ

गिरणीवाल्या ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पार्सल शुक्रवारी मिळालं. टपालवाल्याने दारात सही घेतली, खोका कानाशी हलवून पाहिला आणि आत भांडं आहे असं जाहीर केलं. भांडंच निघालं. वाटी, चमचा, मोड आणलेल्या जवाच्या पिठाची पिशवी आणि तुमची चिठ्ठी. गेले अकरा महिने आपण दोघांनी कीबोर्ड बडवून एक जाडजूड पुस्तक होईल इतकं लिहिलं असेल, पण तुमचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. ठसठशीत आहे. पिठाच्या डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालायची सवय असलेला हात लगेच ओळखू येतो. माझं अक्षर तुम्हाला लागेल की नाही कोण जाणे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची टाइपरायटरं आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्त केले, त्यामुळे हाताने लिहायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही.

हे सगळं मी नेहमीसारखं आपल्या चॅटच्या खिडकीत टाइप करू शकलो असतो. पण तिथे पाठवलेलं मागे जाऊन पुसता येतं, आणि मी स्वतःला चांगला ओळखून आहे. म्हणून कागद घेतला.

आधी तुमच्या कॉम्प्युटरची चौकशी. पंख्याचा आवाज पुन्हा सुरू झाला का? महिन्यातून एकदा झाकण उघडून ब्रश फिरवताय ना? आणि ब्रश फिरवताना पात्यात काडी अडकवून पंखा धरून ठेवताय ना? तुम्ही पहिल्यांदा झाकण उघडलंत आणि 'आत पावशेर गहू-पीठ निघालं, चाळून घेऊ का' असं लिहिलंत, तेव्हा मी खूप दिवसांनी हसलो होतो. त्याच्या आधीची तुमची तक्रार तर मी विसरणं शक्य नाही. कोपराने कुठलीशी बटणं दाबली गेली, पडदा आडवा झाला, आणि तुम्ही दोन दिवस मान वाकडी करून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टाइप करत होतात. मी म्हटलं, अहो ताई, विचारायचं नाही का? तुम्ही म्हणालात, मला वाटलं जुना झाला की असाच होतो, माणसासारखा.

आपली ओळख झाली तो गट खरं तर धान्यांच्या पाककृतींचा. मला त्यात माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ओढलं. ती म्हणाली, तिथे सगळ्यांचे कॉम्प्युटर सारखे रुसतात, तुम्ही नुसते बसून राहा आणि अडलं तर सांगा. मला धान्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जव आणि ओट शेजारी ठेवले असते तर कोण कोणतं ते मला सांगता आलं नसतं. आज मी जव भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, मंद आचेवर भाजून त्याचं पीठ करतो. मोड आणलेल्या पिठाची पेज पातळ राहते आणि तरी अंगी लागते, हे तुम्ही मला शिकवलंत. साध्या पिठाची तेवढ्याच ताकदीची पेज केली तर ती चमच्यालाच चिकटून बसते. ही एक गोष्ट मला ठाऊक नसती तर काय झालं असतं, याचा मी हल्ली विचार करतो.

पुस्तकांचंही तसंच. गिरणीच्या घरघरीत वजनकाट्याला पुस्तक टेकवून वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दीपगृहवाल्याची ती जाड कादंबरी तुम्ही सांगितलीत म्हणून घेतली. शेवट मला पटला नाही, हे मी आधीच कळवलंय आणि त्यावर आपलं आठवडाभर भांडणही झालंय. माझं मत अजून तेच आहे.

आता वाटीबद्दल. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय की तुमची दोन्ही मुलं हिच्यातूनच जेवली, काठावरचा पोचा थोरल्याने पाडला, आणि आता ती परत पाठवायची नाही. फार मोठी गोष्ट दिलीत. वाटी छानच आहे. एका बाजूला चोच आहे ती फार सोयीची. कणीला आवडली. कणी बरी आहे.

त्याच दिवशी, दुपार

वरची शेवटची दोन वाक्यं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पाकीट शोधायला उठलो. माझी लेक मागे उभी राहून वाचत होती. ती पंधरा दिवसांपूर्वी घरी आली आहे. पान मी फाडणार होतो, पण तिने हात धरला. म्हणाली, फाडू नका, याच कागदाच्या पुढे खरं लिहा, म्हणजे त्यांना दोन्ही दिसेल. मग मी जेवलो, थोडा पडलो, आणि आता पुन्हा बसलो आहे.

दुकानात बसून मी एक गोष्ट शिकलो होतो. गिऱ्हाईक पहिल्या वाक्यात खरा बिघाड कधीच सांगत नाही. आधी हवापाणी, मग मशीन किती जुनं, मग शेजाऱ्याचं कसं छान चालतं, आणि पैसे देऊन दारापर्यंत गेल्यावर मागे वळून म्हणतं, हो, त्यावर परवा चहा सांडला होता. मी अशा लोकांवर फार वैतागायचो. आज सकाळपासून मी तुमच्या पंख्याबद्दल आणि दीपगृहाबद्दल लिहितोय.

ताई, कणी नाही. कधीच नव्हती. मला नात नाही. मला एकच मुलगी आहे, ती जहाजाच्या इंजिन खात्यात नोकरी करते, तिला मूलबाळ नाही आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणंही नाही.

दात नव्हते ते मला.

हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे निदान मी बसून ठरवून थाप रचली नव्हती एवढं तरी तुम्हाला कळेल. मागच्या वर्षी माझ्या जबड्यात गाठ निघाली. किरणं द्यायची होती, आणि त्याआधी सगळे दात काढणं भाग होतं. काढले. गाठ गेली. पण किरणांनी जबड्याचं हाड दुबळं झालं, त्यावर कवळी बसेना. तोंड आतून सोलल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटणं म्हणतात ना, ते पाणीच आटलं. बोलणं इतकं अस्पष्ट झालं की दूधवालासुद्धा मला दोनदा विचारायचा. तेव्हापासून मी फोन घेणं बंद केलं. तुम्ही कितीदा म्हणालात, दोन मिनिटं बोलू या, आणि मी दर वेळी माइक बिघडलाय म्हणून सांगितलं. ज्याने हजार माइक दुरुस्त केले त्याचा माइक अकरा महिने बिघडलेला कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत, हे तुमचे उपकार.

तर दात काढून सात महिने झाले होते आणि मी काही खात नव्हतो. खरं सांगायचं तर खाण्यावरून मनच उडालं होतं. आमची ही जाऊन नऊ वर्षं झाली. घरात कोणी नाही. भांडं चुलीवर ठेवायचं, ढवळायचं, मग दोन घास झोंबले की ओतून द्यायचं, हे किती दिवस करणार? वजनकाट्यावर चढलो की हॉस्पिटलातली आहार सांगणारी बाई नुसती मान हलवायची. एका दुपारी, कोणाचा तरी प्रिंटर सुरू करून दिल्यावर, मी गटावर लिहिलं, 'दात नाहीत. मऊ, सहज गिळता येईल असं धान्याचं काही असेल तर सांगा.'

आपल्या भाषेत ही सोय आहे. कोणाला दात नाहीत ते सांगायची गरजच पडत नाही.

तुम्ही लगेच विचारलंत, 'किती महिने झाले?' मी लिहिलं, 'सात.' मला वाटलं दात काढून किती झाले ते विचारताय. पुढचा प्रश्न आला, 'नात की नातू?' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईने लिहायला घेतलं, नात नाही, नातू नाही, मीच आहे. पण माझ्या कीबोर्डाची एंटरची कळ तेव्हा सैल होती. जगाच्या कळा बसवून दिल्या, स्वतःची बसवायची राहून गेली होती. 'नात' एवढं टाइप केलं, करंगळी लागली, आणि तेवढंच गेलं.

'नाही' मी टाइप करत होतो तोवर तिकडे धो धो सुरू झालं होतं. अभिनंदन आजोबा. सात महिन्यांची म्हणजे गोड वय. नशीबवान आहात. चाळीस-एक मेसेज असतील. माझ्या समोर चौकटीत 'नाही, नातू नाही, मीच आहे' लिहून तयार होतं. ते मी पाठवलं नाही. सात महिने माझ्याशी जो कोणी बोलत होता तो आवाज खाली आणून बोलत होता. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर खूश झालं. मी ती ओळ एकेक अक्षर करत पुसली. दुसऱ्या दिवशी एंटरची कळ नीट बसवली, पण तोवर उशीर झाला होता.

आणि मग तुम्ही नाव ठेवलंत. तांदूळ फुटला की कणी होते, आणि कणीची पेज लवकर शिजते, म्हणून कणी. पहिली पाककृतीही तीच दिलीत. कणी धुवायची, कोरडी करायची, रंग न बदलता भाजायची, बोटांनी चुरडली जाईल इतकी शिजवायची. मीठ नाही, साखर नाही, वर्ष होईपर्यंत अजिबात नाही, असं तीनदा बजावलंत. आणि खाली लिहिलंत, 'उद्या दुपारी गिरणी बंद केली की विचारीन, किती खाल्लं.'

तुम्ही खरंच विचारलंत. बरोबर सव्वाएकला. 'कणीने आज किती खाल्लं?'

मी लिहिलं, 'चार चमचे.' भांडं चुलीवर चढवलंसुद्धा नव्हतं. तुम्ही लिहिलंत, 'वा! पहिल्या दिवशी चार म्हणजे खूप झाले. पोरगी शहाणी आहे.' ताई, मी बाकी थापा पचवल्या असत्या, ही पचली नाही. तुम्ही इतक्या मनापासून खूश झालात की मला खुर्चीत बसवेना. उठलो, कणी धुतली, भाजली, शिजवली आणि मोजून चार चमचे खाल्ले. अर्धा तास लागला. चौथा चमचा घशाखाली गेला तेव्हा तुम्हाला सांगितलेलं निदान तेवढं तरी खरं झालं.

त्या दिवसापासून मी तुम्हाला चमच्यांचा आकडा कधीही खोटा सांगितला नाही. कणीला सर्दी झाली म्हटलं तेव्हा मला झाली होती. कणीने तोंड फिरवलं म्हटलं तेव्हा मी फिरवलं होतं. सहा सांगितले तेव्हा सहा होते. एकदा तीन होते, मला लाज वाटली, तरी तीनच सांगितले. तुम्ही रागावला नाहीत. लिहिलंत, 'जबरदस्ती करू नका, संध्याकाळी लोणी घालून पुन्हा द्या.' संध्याकाळी मी लोणी घालून पुन्हा दिले, स्वतःला.

मिठाचं तर सांगायलाच हवं. तुम्ही वर्षाचं बंधन घातलंत, म्हणून मी पाच महिने अळणी खाल्लं. घालू शकलो असतो, कोण बघतंय. पण तुम्ही म्हणाल तसं करायचं ठरवलं होतं. गंमत अशी की तोंडाची जी अवस्था होती तिच्यात मीठ मला झोंबलंच असतं, तेव्हा तुमचा हुकूम माझ्याच पथ्यावर पडला. पुढे गटाच्या हिशेबाने कणीला वर्ष झालं. सगळ्यांनी तिला आशीर्वाद दिले आणि तुम्ही लिहिलंत, 'आज चिमूटभर मीठ घाला. बघा कशी चाटूनपुसून खाते.' मी ओटाच्या पेजेत चिमूटभर मीठ घातलं. झोंबलं नाही. चव लागली. पाच महिन्यांनी जिभेला काहीतरी कळलं. मी ताटापुढे बसून रडलो आणि मग तुम्हाला लिहिलं, 'अठरा चमचे.' तुम्हाला वाटलं आजोबांचं टाइप करताना चुकलं.

वाचून दाखवायचंही तुमचंच. हॉस्पिटलात बोलायचं शिकवणारी एक मुलगी होती. ती म्हणायची, रोज मोठ्याने वाचा, जबडा उघडा. मला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. मी तिला हो हो म्हणून यायचो आणि मुकाट बसायचो. मग एक दिवस तुम्ही लिहिलंत, 'कणीला रोज दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा, कळत नसलं तरी मुलं ऐकतात.' आता तुम्ही संध्याकाळी विचारणार, कुठवर आलं. तेव्हा मी समोर रिकामी खुर्ची ठेवून दीपगृहवाल्याची पावणेचारशे पानं मोठ्याने वाचली. म्हणून तर शेवटावर इतका चिडलो. हल्ली दूधवाला एकदाच विचारतो.

बुधवार, सकाळ

काल इथवर लिहून थकलो. आता ज्याची मला खरी लाज वाटते ते.

कणीची आई कुठे आहे, असं गटावर विचारलं गेलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, जहाजावर. वाटलं, एक तरी गोष्ट खरी असू दे. पण सात महिन्यांचं मूल म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात टाकून बाई समुद्रावर निघून गेली, असा त्याचा अर्थ झाला. कोणी काही, कोणी काही बोललं. तुम्हीही एकदा लिहिलंत की नोकरी काय, पुन्हा मिळते. मी तिची बाजू घेतली नाही. घेतली असती तर सगळंच उसवलं असतं. पुढे फोटो मागितलात तेव्हा तर मी सरळ सांगितलं की तिच्या आईला फोटो टाकलेले आवडत नाहीत. माझ्या तोंडासाठी मी माझ्या लेकीला वाईट ठरवलं. तिने असं काहीही केलेलं नाही. ती कर्तबगार आहे आणि माझ्यावर तिचा जीव आहे.

आणि तिला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. दात काढले तेव्हा मी तिला जहाजावर मेसेज पाठवला होता, 'सगळे दात काढले.' तिचं उत्तर आलं, 'एवढं हसायला काय झालं?' मी तिथेच थांबलो. तिने विनोद केला, मी तो विनोदच राहू दिला. मधल्या सुट्टीत ती आली तेव्हा किरणं संपली होती. मी म्हटलं, म्हातारपण, कवळी बनतेय. गाठीबद्दल शब्द काढला नाही. ती रोज विचारायची, जेवलात का? मी रोज लिहायचो, जेवलो.

या खेपेला ती आली ती मला बघून दारातच थबकली. तिसऱ्या दिवशी तिला कसलासा फॉर्म छापायचा होता, माझ्या कॉम्प्युटरवर बसली, आणि आपली खिडकी उघडीच होती. तिने सगळं वाचलं. दोन तास लागले तिला. मी स्वयंपाकघरात ओट भाजत बसलो होतो, ते करपले. ती बाहेर आली तेव्हा मला वाटलं आधी कणीबद्दल विचारेल, नाही तर तिला आई म्हणून जी नावं ठेवली गेली त्याबद्दल. तिने त्यातलं काही विचारलं नाही. म्हणाली,

"बाबा, या बाईंना तुम्ही रोज किती चमचे खाता ते माहीत होतं. मला तुम्ही काय लिहीत होतात? जेवलो."

मी चूल बंद केली. मग मी तिला सगळं सांगितलं, गाठीपासून. 'नात'नंतर एंटर गेलं तिथे पोचलो तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता रडली. इंजिनात पाणी शिरलं तरी न डगमगणारी माझी मुलगी एका सैल कळेने रडली.

आता शेवटचा बिघाड सांगतो, दारात उभा राहून.

दीड महिन्यापूर्वी, कणी साधारण दीड वर्षाची झाली म्हणून तुम्ही लिहिलंत की आता मोजणं पुरे. मोजून भरवलं की मुलं हट्टी होतात. तिला आता दाढासुद्धा आल्या असतील, सगळ्यांबरोबर बसवा, हाताने खाऊ दे, सांडू दे. आणि तुम्ही विचारणं थांबवलंत. तुमचं बरोबरच होतं. कणी मोठी झाली. मला मात्र दाढा आल्या नाहीत.

मला वाटलं होतं, आता सवय लागली आहे, माझं मी खाईन. दोन दिवस खाल्लं. मग एक दिवस सव्वाएक वाजला आणि कोणी विचारलं नाही. त्या दिवशी मी भांडं चढवलं नाही. पुढच्या दिवशी अर्धं खाल्लं. तुमच्या विचारण्यावर जे सहा किलो मी साडेनऊ महिन्यांत चढवले होते, त्यातले तीन सहा आठवड्यांत उतरले. तुमच्याशी मी रोज बोलत होतो, पुस्तकांवर, तुमच्या नव्या कीबोर्डावर, आणि हे एक वाक्य माझ्याच्याने लिहवत नव्हतं. हॉस्पिटलातली ती आहार सांगणारी बाई भली आहे, पण तिने स्पष्ट सांगितलं की पुढच्या महिन्यात काटा आणखी खाली गेला तर पोटात नळी घालावी लागेल. आणि लेक म्हणते, मग मी पुढचं जहाज घेत नाही. तिला या वेळी वरची जागा मिळते आहे. बारा वर्षं ती या जागेची वाट बघते आहे. नळीला मी घाबरत नाही असं नाही, पण तिने माझ्या पेजेसाठी घरी बसावं, हे मला नळीपेक्षा जड आहे.

तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे. माझ्या खोटेपणावर तुमच्या घरची वाटी घालवलीत असं वाटत असेल तर तसं कळवा, लेक जहाजावर जाण्याआधी स्वतः आणून देईल. तिला तुम्हाला भेटायचंच आहे. गटावर काय सांगायचं, किंवा काहीच सांगायचं नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त तिच्या आईपणाबद्दल जे बोललं गेलं ते तेवढं पुसा. ती कोणाला टाकून गेलेली नाही.

पण राग आला नसेल, किंवा आला आणि ओसरला, तर एक मागणं आहे. दुपारी गिरणी बंद केल्यावर मला पुन्हा विचाराल का? लेक म्हणाली, मी जहाजावरून विचारीन की रोज. विचारेल ती, आणि तिला मी आकडाच सांगायचा असं आता कबूल केलंय. पण तिकडे वेळा उलट्यासुलट्या, कधी चार-चार दिवस संपर्क नसतो. आणि दुसरं म्हणजे, प्रश्न माझं नाव घालून आला ना, की माझ्या हातून आपोआप 'छान, जेवलो' असं लिहिलं जातं. आयुष्यभराची खोड आहे. तेव्हा तुम्ही कणीचंच नाव घालून विचारा. तिच्याबाबतीत मी कधी खोटं बोललो नाही.

तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तुम्ही एका न जन्मलेल्या पोरीला वाढवलंत, आणि त्यात एक म्हातारा वाढला. आपण कोणाला जगवतोय हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं, तरी एक दिवस चुकवला नाहीत. गिरणीचा पट्टा तुटला त्या दिवशीसुद्धा सव्वाएकला विचारलं होतंत. ते मी विसरणार नाही.

लिहिता लिहिता दुपार झाली, लेकीने आत्ता तुमच्याच पिठाची पेज केली आहे. भाजताना तिने आच जरा मोठी ठेवली, पण मी बोललो नाही. तुमच्या वाटीत वाढली. पोचा आला आहे तिथे अंगठा नेमका बसतो, थोरल्याला सांगा. ती समोर बसून मोजत होती, म्हणून आकड्याला साक्षीदार आहे.

आज दुपारी, अकरा चमचे.

तुमचीच,
कणी
वय वर्षं एकाहत्तर